नांदूरघाटच्या वांग्याचं बी

बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाली, तेव्हा तिनं मला घर सोपवलं नाही. सोपवला तो परसातला वाफा. दारात रिक्षा उभी, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि ही आपली वाफ्याच्या कडेला उकिडवी बसलेली.

"हे बगा," ती म्हणाली, "बाकी काय बी होऊ द्या. दूध उतू जाऊ द्या, कपडे इस्त्रीशिवाय घाला. एवढं मातर सांबाळा."

वाफ्यात वांग्याची रोपं होती. बोटभर उंचीची, तीन-चार पानांची, नुकतीच कुठं मान ताठ करायला लागलेली. वांग्याची रोपं वडवणीच्या आठवडी बाजारात कुठल्याही आठवड्यात मिळतात असं मी म्हणालो असतो, तर ती रिक्षा सोडून परत घरात आली असती. कारण हे बी तिच्या आईचं होतं.

माझी सासुरवाडी नांदूरघाटची. सासूबाई तिथं घरामागं एकाच जातीचं वांगं वर्षानुवर्षं करायच्या. लहान, देठाला काटे, अंगावर जांभळ्या-पांढऱ्या रेघा. शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला भरून त्या ते करायच्या, तेव्हा मी जावई असण्याची लाज सोडून तिसरी भाकरी मागायचो. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दिवस झाल्यावर घरात वाटण्या सुरू झाल्या, कुणी पितळी घागर घेतली, कुणी लुगडी. बायकोनं काहीच मागितलं नाही. निघताना मात्र ती स्वयंपाकघरातल्या उतरंडीपाशी गेली आणि खालच्या मडक्यातून एक गाठोडं काढून आणलं. सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याची चिंधी आणि तिच्यात राखेत घोळवलेलं वांग्याचं बी. भाऊ म्हणाला, "ने की. आमी आता नर्सरीतून रोपं आणतो." म्हणजे त्या घरात आता ते वांगं कुणी लावणार नव्हतं.

बी जुनं होतं. उगवेल की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिनं थोडंही मागं न ठेवता सगळंच्या सगळं फुटक्या घमेल्यात टाकलं. बरंचसं उगवलंच नाही. जे उगवलं ते जरा मोठं झाल्यावर तिनं वाफ्यात ओळीनं लावलं. शेवटी दोन अगदी मरतुकडी रोपं उरली. वाफ्यात जागा नव्हती आणि टाकून देववेना, म्हणून ती तिनं बंबाच्या कोपऱ्यात, राख टाकतो तिथं खोचून दिली.

म्हणजे त्या वांग्याचं जगात जे काही शिल्लक होतं, ते माझ्या परसात होतं. आणि राखण मी.

मी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होतो. माझ्या स्वभावात जे काही वाकडं आहे, ते त्या नोकरीनं केलं की मुळातच होतं, यावर घरात मतभेद आहेत. विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून कळायचा. खिडकीबाहेर फार मन लावून बघणारा, डोळे घट्ट मिटून झोपलेला, आणि मी जवळ येताच शेजाऱ्याशी गप्पा काढणारा, हे तिघं हमखास. त्यामुळे वाफ्यातली काही रोपं एका सकाळी दिसली नाहीत, तेव्हा मला काळजी आधी वाटली नाही. आधी राग आला. माझ्या गाडीत हे चालतं म्हणजे काय!

वाकून पाहिलं. रोप उपटलेलं नव्हतं, कारण मातीत बारीकसा खुंट होता. तुटून पडलेलंही नव्हतं, कारण पडलेलं पान कुठंच नव्हतं. रोप वरच्या वर नाहीसं झालेलं. बायकोनं सांगून ठेवल्याप्रमाणे मी सगळं करत होतो. "पावसानं उघडीप दिली, की ओळींच्या मधी गोणपाट अंथरा आन् वरून पाणी मारत ऱ्हा. जमीन वाळू देऊ नका," असं ती म्हणाली होती. तिची गाडी गावाबाहेर पडली असेल-नसेल तोच पावसानं तोंड फिरवलं. मी गोणपाटं अंथरली. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर आंघोळीचं पाणी ओतत राहिलो. आमच्याकडे पाणी एकदा वापरून सोडून देणं हा माज समजतात. मोरीचं पाणी परसात जातं, भांड्यांचं पाणी शेवग्याला जातं, आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाळीत भरलेलं पाणी गोणपाटाखाली जपून ठेवतो. त्यामुळे गोणपाट उचलून बघायचा प्रश्नच नव्हता. उचललं की ओलावा उडाला.

तर संशय. पहिला संशय कोंबड्यांवर गेला, आणि तो काही उगीच गेला नाही. शेजारी भाभींच्या कोंबड्या आहेत. भाभींचे मालक फळांचा गाडा लावतात, घर आमच्या भिंतीला भिंत लावून, आणि मधल्या भिंतीला खाली एक भगदाड आहे. त्या भगदाडातून कोंबड्या रोज सकाळी आमच्याकडे येत आणि वाफ्यात पायांनी माती उकरत. मी काठी घेऊन धावलो की पळत. थोड्या वेळानं पुन्हा हजर. चोर घटनास्थळी सापडला, आणखी काय पाहिजे?

मी भिंतीवरून हाक मारली. भाभी पदराला हात पुसत आल्या.

"भाभी, तुमच्या कोंबड्या माझी रोपं खातात."

"खात न्हाईत, कंडक्टरसाब. कोंबडीला वांग्याचं पान कडू लागतं."

"तुम्ही खाऊन बघितलंय का?"

"तौबा! कावून खाईन मी?" त्या म्हणाल्या. मग वाफ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "भाभीच्या आईची रोपं हायत न्हवं ही? थांबा. आजपासून डालग्याखाली ठेवते. पन माझ्या कोंबड्या निर्दोष निघाल्या, तर मग बोलणं होईल."

माझी बायको त्यांना भाभी म्हणते आणि त्याही तिला भाभीच म्हणतात. कोंबड्या त्याच दुपारी बांबूच्या डालग्याखाली गेल्या. मी भगदाडात विटा लावल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी रोपं गेली होती.

इथून पुढं माझ्या तोंडचं पाणी पळालं. रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. लेकीची तब्येत, होणाऱ्या बाळाची हालचाल, पुण्याची भाजी किती बेचव, हे सगळं झालं की शेवटी हमखास तोच प्रश्न. "रोपं कशी हायत?"

"मस्त," मी म्हणायचो.

पहिल्या दिवशी एवढ्यासाठी, की उगीच तिला तिकडं घोर कशाला. दुसऱ्या दिवशी एवढ्यासाठी, की काल मस्त म्हणालो होतो. आणि तिसऱ्या दिवसापासून तो शब्द माझ्या तोंडून आपोआप निघायला लागला.

दिवसभर मी परसात खुर्ची टाकून बसायला लागलो. जेवणाचं ताटही तिथंच. एकदा खार आली, वाफ्यावरून पळत गेली, रोपाला तोंड लावलं नाही. बुलबुल आले, शेवग्यावर बसून गेले. माझ्या डोळ्यांदेखत एकही रोप गेलं नाही. म्हणजे जे काही चालायचं ते मी आत गेल्यावर. माझ्या गाडीचा जुना ड्रायव्हर भेटायला आला, त्याच्यापुढं मी हे सगळं मांडलं. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "बे, उंदीर हाय उंदीर. त्यात काय एवढं डोकं लावायचं?" त्यानं स्वतःच्या घरचा पिंजरा आणून दिला. मी भज्याचा तुकडा लावला. सकाळी पिंजऱ्यात एक चिचुंद्री, आणि वाफ्यात आणखी एक रिकामी जागा. चिचुंद्री मला बघून जी ओरडली, त्यात तिचा काही दोष नव्हता हे मलाही पटलं.

मग मी अंगाऱ्यावर आलो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगत असतो. पण नारायणगडावरून आणलेला अंगारा देवघरात होता, आणि चिमूटभर वाफ्यावर टाकायला विश्वास लागत नाही. टाकला. उरलेल्या रोपांना हात जोडले. भिंतीपलीकडून भाभी बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

एक गोष्ट मला त्या दिवसांत दिसत होती आणि तरी दिसत नव्हती. सकाळी गोणपाटावर आणि मोरीच्या कट्ट्यावर चकाकणाऱ्या रेघा असायच्या. वाळलेल्या, वेड्यावाकड्या. मी त्या साबणाच्या समजत होतो. आंघोळीचं पाणी ओतायचो, त्याचाच फेस वाळला असेल. हॉटेलात बसलं की ऐकायला यायचं, केजकडं गोगलगायींनी सोयाबीन उगवता-उगवता खाल्लं, लोक बादल्या घेऊन रानात फिरतायत. मी हळहळलोही. पण ते रानातलं संकट होतं. इथं आमच्या परसात, जिथं चार महिने टँकरची वाट बघण्यात जातात, तिथं ओलीत राहणारा प्राणी येऊन बसेल, हे मनात कुठून यायचं? आमच्या भागातल्या माणसाला झाड वाळून मेलेलं कळतं. पाणी जास्त होऊन काही बिघडतं, हे त्याला सुचत नाही. रोपं कमी व्हायला लागली तसं मी पाणी वाढवलं. वाटायचं, तहानलेलीच असतील बिचारी.

एकदा बायको म्हणाली, मला रोपं बघायचीत, व्हिडिओ लावा. लेकीनं तिकडून फोन धरला. मी इकडून फोन घेऊन परसात गेलो आणि सरळ बंबाच्या कोपऱ्यात जाऊन त्या दोन मरतुकड्या रोपांपुढं धरला. ती आता मरतुकडी राहिली नव्हती. राखेच्या ढिगाशेजारी तीच काय ती टवटवीत उभी होती. का, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

"लई जवळून दाखवालात," ती म्हणाली. "जरा लांबून दाखवा की."

"रेंज जातीय," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. बायकोशी मी भांडलोय भरपूर, पण तिच्याशी खोटं बोलणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा ती फार रडली नव्हती. बी घमेल्यात टाकून त्यावर माती सारताना रडली होती.

शेवटी भाभीच आल्या. डालगं दोन्ही हातांनी उचलून, कोंबड्यांसकट, मागच्या दारानं परसात.

"कंडक्टरसाब," डालगं खाली टेकवत त्या म्हणाल्या, "माझी पोरं इतके दिवस कैदेत हायत. अंडी देणं बंद झालं. आता सांगा, वाफ्यात किती रोपं उरली?"

मी वाफ्याकडे बघितलं. सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. उलट कोंबड्या कोंडल्यापासून रोपं जास्त वेगानं गेली होती, हे तोवर माझ्याही ध्यानात यायला लागलं होतं.

"मग आज माझ्या समोर सोडते," त्या म्हणाल्या. "काय खातात ते तुमीच बगा."

त्यांनी डालगं उचललं. मी सवयीनं काठी हातात घेतली. कोंबड्या उरल्यासुरल्या रोपांच्या बाजूनं निघून गेल्या, एकीनं पानाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या सगळ्या गोणपाटाच्या कडेला जमल्या आणि पाय झाडून उकरायला लागल्या. तांबडीनं चोच खाली घातली, ओढली, आणि काहीतरी वाटोळं घेऊन पळाली. बाकीच्या तिच्या मागं.

मी काठी टाकली आणि गोणपाट उचललं.

खालची बाजू गोगलगायींनी भरलेली होती. मिरीएवढ्या, बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. एकीला एक चिकटून, गारव्याला सुखानं झोपलेल्या. मातीत साबुदाण्यासारखी पांढरी अंडी. दुसरं गोणपाट उचललं, तिथं तेच. दिवसभर त्या माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर झोपत होत्या, मी त्यांच्यावर पाणी घालून त्यांना गार ठेवत होतो, आणि अंधार पडला की त्या बाहेर निघून सासूबाईंची रोपं खात होत्या. जन्मभर मी विनातिकीट लोक उतरवले, आणि म्हातारपणी अख्खी गाडी फुकट्यांनी भरून, वर त्यांना पाणी पाजत होतो. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"या अल्लाह," भाभी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फळाच्या क्रेटातनं आल्या असतील. बाहेरगावचा माल असतो." आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की भिंतीला लावून ठेवलेले क्रेट त्यांचेच आहेत. त्या घाईनं बादली आणायला वळल्या. मीही क्रेटांकडे बघणं टाळलं. कोंबड्यांचं प्रकरण तिथंच मिटलं.

दोघांनी मिळून गोगलगायी वेचल्या. भाभींनी बादलीत मीठ टाकलं. लहान होत्या त्या कोंबड्यांपुढं. गोणपाटं मी उन्हात टाकली, आणि बंबाच्या कोपऱ्यातली राख घमेलं भरून आणून वाफ्याभोवती पसरली. पसरताना उलगडलं, की ती दोन रोपं का वाचली होती. कोरड्या राखेवरून गोगलगाय जात नाही. बायको रोज तिथं राख टाकायची, ती गेल्यावर मीही टाकत होतो, आणि त्या सगळ्या दिवसांत मी नीट सांभाळलेली रोपं म्हणावीत तर तीच. ज्यांच्याकडे मी बघत नव्हतो ती.

वाफ्यातली उरलेली रोपं आधीच कुरतडलेली होती. तीही मान टाकून बसली.

त्या संध्याकाळी फोन आल्यावर मी खरं सांगून टाकलं. कोंबड्या, पिंजरा, गोणपाट, सगळं. म्हणालो, "दोनच राहिलीत. बंबाजवळची." मी म्हणालो, "ऐकतेयस ना?" ती "बरं" म्हणाली, आणि फोन लेकीकडे दिला. लेक विचारायला लागली, पप्पा जेवलात का. मला फार वाईट वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती फोन करत राहिली. नात झाल्याचंही तिनंच सांगितलं, अगदी हसत. पण रोपांबद्दल तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही.

ती परत आली तेव्हा पाऊसकाळ सरत आला होता. मी बसस्टँडवर घ्यायला गेलो. घरी आल्यावर तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, पिशवी ओसरीवर टेकवून सरळ परसात गेली. दोन्ही झाडं तोवर तिच्या कमरेला लागत होती. एकाला फुलं होती. दुसऱ्याला फुलांबरोबर पानाआड एक वांगंही धरलेलं, लिंबाएवढं. रेघा तशाच, देठाला काटे तसेच. ती खाली बसली आणि बोटानं त्याला नुसतं शिवली.

मी मनातल्या मनात शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं होतं. पण ती आत गेली, आणि येताना ती हिरव्या लुगड्याची चिंधी घेऊन आली. तिनं वांग्याच्या देठाला चिंधी सैलशी बांधली. बियाला राखलेल्या फळाला अशी खूण करतात, म्हणजे कुणी चुकून तोडत नाही. ते झाडावरच पिवळं पडेपर्यंत राहू द्यायचं.

"भाजीला न्हाई का एखादं?" मी विचारलं. "पुढं येतील तवा तरी?"

"यंदा न्हाई. यंदाची सगळी बियाला. बी दोन घरी ठिवायचं आता. एक गाठ आपल्याकडं, एक भाभीकडं."

मी म्हणालो, चुकलंच माझं. तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. उगीच रोज मस्त मस्त करत बसलो.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "तुमी लांबून दाखवलं न्हाई, तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं चिंधीची गाठ पुन्हा एकदा चाचपली. "तुमी रोज सांगत हुता न्हवं, मस्त हायत म्हणून. मी रोज फोनवर आईला इचारायचे, कशी हायस. ती बी म्हणायची, मस्त हाय. आजारी असली तरी तेच. ती गेल्यापासनं तेवढं ऐकायचं बंद झालं हुतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला खरं सांगायची कावून घाई झाली? मी येईस्तोवर चालू द्यायचं हुतं की."

ती उठली, पदर खोचला आणि चहा टाकायला आत गेली.

वांगं वाढलं, मग हळूहळू पिवळं पडायला लागलं. आम्ही त्या हंगामात बाजारातली वांगी आणून खाल्ली. रोज सकाळी उठलो, की मी आधी परसात जायचो, चिंधी जागेवर आहे का बघायचो, आणि आत येऊन, तिनं न विचारताच सांगायचो, "मस्त आहे."

"बरं," ती चुलीपासूनच म्हणायची.